रमाकांतरावांची दुसरी प्रत

रमाकांत परुळेकर आयुष्यात एकदाही कबड्डी खेळले नाहीत, पण परळच्या रणझेप क्रीडा मंडळात त्यांच्यावाचून पान हलत नसे. ते गुणलेखक. मैदानात पकड होवो, भांडण होवो, पंचाच्या अंगावर कुणी धावून जावो, रमाकांतराव टेबलाशी मान खाली घालून गुण मांडत बसायचे. पोटापाण्यासाठी गोदीतल्या एका कचेरीत रेकॉर्ड सांभाळलं. तिथून रीतसर निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. घरात हिंगाच्या डबीवर ‘हिंग’ अशी चिठ्ठी असते. झाकण न उघडताही तो हिंग आहे हे शेजारच्यांना कळतं, तरी असते.

ललिताबाई, त्यांच्या पत्नी, कॉलेजच्या ग्रंथालयात होत्या. चिठ्ठ्यांचं त्यांना वावडं नाही. चिठ्ठ्यांविषयी व्याख्यान ऐकण्याचं आहे.

मंडळाला पन्नास वर्षं झाली आणि स्मरणिका काढायचं ठरलं. कार्याध्यक्ष हितेंद्र म्हणाला, “काका, काम आपल्या मंडळातल्या मेघनाकडे देऊ या. तिला कॉम्प्युटरची सवय आहे.”

“माझ्या हातून एक कागद गहाळ झालेला दाखव,” रमाकांतराव भर सभेत म्हणाले, “मग खुशाल दे मेघनाला.”

झालं. जुन्या खेळाडूंचे फोटो आणि आठवणी रमाकांतरावांच्या ईमेलवर यायला लागल्या. त्यांच्या ईमेलमध्ये कप्पे नाहीत, लेबलं आहेत. हे कळल्यावर ते लहान मुलासारखे खूश झाले. चिठ्ठ्या! दीपिका नावाच्या मुलीने आपल्या आईच्या अल्बममधला एक फोटो पाठवला. आई मंडळाच्या महिला संघात होती आणि फोटोत तिची संघातली मैत्रीण कमल परब चढाई करताना. कमलकडे तिच्या खेळाचा एकही फोटो नव्हता. रमाकांतरावांनी त्या मेलला तीन लेबलं लावली: ‘महिला संघ’, ‘छायाचित्रे’ आणि ‘कमल’. बाकीच्या मेलनाही अशीच दोन-दोन, तीन-तीन.

सगळा मजकूर संध्याकाळी हितेंद्रच्या हवाली करायचा, त्या दिवशी सकाळी ते शेवटची तपासणी करायला बसले. ‘महिला संघ’ उघडलं, कमलचा फोटो. ‘छायाचित्रे’ उघडलं, तिथेही तोच. ‘कमल’ उघडलं, पुन्हा तोच. रमाकांतरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एक कागद, एक फाइल. दुसरी प्रत दिसली की ती रद्दीत, नाहीतर प्रती ढेकणांसारख्या वाढतात, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. न विचारता प्रती काढणाऱ्या या यंत्राचा त्यांना रागच आला. ‘छायाचित्रे’मध्ये बसून एकेक मेल निवडून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला. मोठ्या समाधानाने.

आता डबा रिकामा करायचा. पण कचेरीतला दुसरा नियम असा, की दुसऱ्या माणसाच्या सहीशिवाय एक चिटोराही नष्ट करायचा नाही. घरात दुसरा माणूस ललिताबाई. एरवी त्या न बघताच “करा हो” म्हणून टाकतात.

“रद्दी काढू का?” रमाकांतरावांनी बसल्या जागेवरून विचारलं.

ललिताबाई फोनवर मृणालिनीशी, म्हणजे धाकट्या बहिणीशी, शीवला नुकत्याच ठरलेल्या एका लग्नाविषयी बोलत होत्या. त्यांनी नुसता हात हलवला.

हात हलवणं म्हणजे सही नव्हे. रमाकांतराव थांबले आणि वेळ जावा म्हणून ‘महिला संघ’ उघडून बसले. रिकामं. ‘कमल’ रिकामं. पुरुष संघाच्या विजयी वर्षाचं लेबल लावलं होतं, तिथे फक्त एका जाहिरातदाराचं पत्र शिल्लक.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. कॉटन ग्रीनहून कमल परब.

“रमाकांता, माझो फोटो येतलो मां पुस्तकात? संध्याकाळी नातीक घेऊन येतंय. तिका पटणा नाय आजी खेळत होती ता.”

“येईल, येईल,” रमाकांतराव म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला.

डब्यातून काही परत काढता येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुन्हा मागवायचं तर पुण्यापासून कुडाळपर्यंत प्रत्येकाला फोन करायचा. म्हणजे दुपारच्या आत हितेंद्रला कळणार आणि चहाच्या आत मेघनाला.

“अगं,” ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “मी फक्त दुसरी प्रत काढली होती.”

ललिताबाईंनी फोन ठेवला. स्क्रीन पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढली.

“ग्रंथालयात एका पुस्तकाची कार्डं किती असायची?”

“लेखकाचं एक, नावाचं एक, विषयाचं एक.”

“मग पुस्तकं तीन झाली का?”

“असं कसं होईल?”

“तेच. मेल एकच, कार्डं तीन. तुम्हाला कार्ड काढायचं होतं, तुम्ही पुस्तकच रद्दीत घातलंत. मग तिन्ही कार्डांपाशी काय सापडणार, माझं डोकं?”

रमाकांतराव म्हणाले, “पण कार्ड काढायचं कसं?”

“लेबलाच्या नावापुढची खूण काढायची. एवढंच. मेल जागच्या जागी राहतो. दुसरीकडे हलवायचा तर हे लेबल काढून ते लावायचं. आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र दिसलं की हात मागे घ्यायचा. इनबॉक्ससुद्धा एक लेबलच आहे, कळलं?”

“इनबॉक्ससुद्धा?” रमाकांतरावांना हा घाव मूळ घोळापेक्षा मोठा होता. इनबॉक्सला ते आवक कक्ष समजत होते.

“डबा रिकामा केलात?”

“तुझी सही कुठे झाली होती?”

ललिताबाईंनी डबा उघडून पाहिला. लग्नाचं बोलणं जरा लवकर आटोपलं असतं, तर “करा हो” गेलंच असतं त्यांच्या तोंडातून. ते नवऱ्याला सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. डब्यातले मेल त्यांनी एकदम निवडले आणि परत आणले. लेबलं जशीच्या तशी होती. रमाकांतरावांनी तिन्ही ठिकाणी कमलचा फोटो पाहिला आणि या वेळी तो तीनदा दिसला याचं त्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी मंडळाच्या खोलीत हितेंद्रने विचारलं, “काका, सगळं आहे ना?”

“मोजून घे,” रमाकांतराव म्हणाले. ललिताबाईंना नेमका त्याच वेळी ठसका लागला.

कमल परब नातीला घेऊन पडद्यासमोर बसल्या. फोटो मोठा करून दाखवला. नऊवारी नाही, पदर खोचलेला नाही, चक्क अर्धी विजार आणि बनियन घातलेली कमल, एक पाय हवेत. नात बघतच राहिली. कमलचं लक्ष मात्र फोटोच्या कडेला गेलं. तिथे एक टेबल होतं, टेबलाशी मान खाली घातलेला एक काटकुळा तरुण.

“मेल्या,” कमल म्हणाल्या, “मी हयसर जीव टाकून चढाई करतंय, आनि तू खाली बघून काय करतंस?”

“तुझे गुण लिहितोय.”

“वर बघून लिवक काय झाला होता तुका?”

अख्खी खोली हसली, मेघनासकट. फोटो इतक्यांदा उघडून त्यात आपणही आहोत हे रमाकांतरावांना दिसलंच नव्हतं. ‘कमल’ लेबल लावलं होतं, मग दुसरं कोण पाहणार?

घरी आल्यावर चप्पल न काढताच ते कॉम्प्युटरपाशी बसले.

“आता काय?” ललिताबाईंनी विचारलं.

“चौथं कार्ड,” ते म्हणाले, आणि ‘रमाकांत’ असं नवं लेबल करून त्या मेलला लावलं. मग तिन्ही जुनी लेबलं उघडून फोटो जागेवर आहे ना, ते एकेक करून तपासलं.