जिभेला चिकटलेला दगड

सातव्या पेटीतला लाल तुकडा मी जिभेला लावला आणि तो चिकटला. दुसरा लावून पाहिला, तोही चिकटला.

पेणजवळच्या एका ओढ्यावर छोटं धरण व्हायचं होतं. पायाखाली काय आहे ते कळावं म्हणून ड्रिलिंग चाललं होतं. मशीन जमिनीतून दगडाच्या लांब कांड्या काढतं, त्यांना कोअर म्हणतात; त्या क्रमाने पेट्यांत रचून ठेवतात. मी जिऑलॉजिस्ट, कांड्या ओळखायचं काम माझं. काळा, जड, हातोडा मारला की खणखणतो तो बेसाल्ट. त्याच्यावर बिनघोर बांधावं. हा लाल म्हणजे रेड बोल, लाव्ह्याच्या दोन थरांत सापडून भाजलेली माती. कोरडा असताना दगडाचा आव आणतो, पण चिकणमातीसारखा जिभेला चिकटतो.

"दगड चाटून पोट भरतं व्हय गो?" हंडा घेऊन जाता जाता हिरामावशी हसली. तिच्या पडवीत मी भाड्याने राहत होते. त्या गावात माझ्याशी बोलणारं माणूस एवढं एकच. रात्री जेवताना ती समोर बसायची, म्हणून घास उतरायचा. पिण्याचं पाणी ती रोज टेकडीपलीकडून आणायची. धरणाची तिला फार आस होती.

दुसऱ्या दिवशी पेणच्या ऑफिसात साहेब वैतागले. "दीड फूट लाल पट्ट्यासाठी काम थांबवायचं?"

मी तुकडा त्यांच्या पाण्याच्या ग्लासात टाकला. चहा येईपर्यंत तळाशी चिखल झाला.

"खणून काढता येईल?"

"फार खोल आहे, सर. धरण भरलं की पाणी यातूनच वाट काढणार."

साहेबांनी ग्लास बाजूला सारला. "मग रोह्याकडची दुसरी साइट घेऊ. रिपोर्ट द्या."

मी सही केली. मावशीला मीच सांगितलं.

"आमचं पानी रोह्याला दिलंस?"

"धरण फुटलं असतं, मावशी. खाली तुमचीच घरं आहेत."

"फुटलं असतं तवा फुटलं असतं. हंडा उद्या पन माझ्याच डोक्यावर हाय."

त्या रात्री तिने ताट वाढलं आणि आत निघून गेली. पुढे महिनाभर, साइटवरचं काम आवरेपर्यंत, तसंच.

रोह्याकडचं धरण झालं, अजून भक्कम उभं आहे. मावशीच्या गावाला पाणी मिळालं नाही. माझा रिपोर्ट अचूक होता, असं साहेबांनी फाइलवर लिहिलं. अचूक रिपोर्ट दिल्यावर त्याच गावात महिनाभर कसं राहायचं, ते मात्र आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.