डोंगराकडे वळलेली चाकं

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून सोडून देतो. वाऱ्याने दार वाजलं, मांजर धडपडलं, नाहीतर माणूस झोपेत होता... काहीतरी असतंच. माझी नोकरीच अशी आहे. अंबरनाथच्या एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. तयार माल का बिघडला, याचं कारण शोधायचं, एवढंच काम. "कारण नाही" असं लिहिलेला रिपोर्ट आमच्याकडे कुणी घेत नाही.

म्हणूनच हे लिहायला इतका उशीर झाला.

मला छोट्या गाड्या बनवायचा नाद आहे. विकतच्या खेळण्यातल्या नाही – खऱ्या गाडीचं माप घेऊन, सगळं त्याच प्रमाणात लहान करून बनवलेल्या. ट्रक जास्त. केबिन फोमशीटची, मागचा हौदा आइस्क्रीमच्या काड्यांचा, आरसे बांगडीच्या टिकल्यांचे. टायर मात्र मी बनवत नाही. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एक सिंधी दुकानदार आहेत, ते तुटकी खेळणी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. "आओ साईं, आज तुम्हारे लिए छे टायरवाला रखा है," असं म्हणत पिशवीच पुढे करतात. बदलापूरला आमच्या फ्लॅटची मागची बाल्कनी बंद करून मी तिथे टेबल टाकलंय. पॉलिश पेपरची धूळ घरभर होते म्हणून उज्ज्वला, म्हणजे माझी बायको, कुरकुर करते. पण गाडी पूर्ण झाली की सगळ्यात आधी तीच फोटो काढते.

आमच्या डिस्पॅचमध्ये कल्पना म्हणून आहे. विठ्ठलवाडीला राहते. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिने एक जुना फोटो पुढे ठेवला.

"सर, ही गाडी होईल का? बाबा चालवायचे. यंदा त्यांची पंच्याहत्तरी आहे."

जुन्या पद्धतीचा, पुढे लांब नाक असलेला ट्रक होता. नाकावर काळी बाहुली, टपावर झेंडूची माळ – दसऱ्याचा फोटो असावा. पायरीवर एक तरुण माणूस एका हाताने दार धरून हसत उभा होता.

"हे बाबा?"

"नाही, हा सुरेशकाका. बाबांचा धाकटा भाऊ. त्यांच्याच गाडीवर क्लीनर होता. वारला तो." एवढंच बोलून तिने डबा उघडला. मीही पुढे विचारलं नाही.

गाडी छान होत गेली. मी सहसा करत नाही, पण या वेळी स्टिअरिंग चालतं ठेवलं. म्हणजे पुढची दोन चाकं बोटाने वळवली की एकत्र वळतील आणि वळवू तिथेच राहतील. दोन्ही चाकांना जोडणारी दांडी सायकलच्या स्पोकचा तुकडा कापून केली होती. दारंही उघडणारी केली.

रंग देऊन गाडी टेबलावर वाळत ठेवली, तेव्हा चाकं सरळ होती. संध्याकाळी कामावरून आलो तर पुढची दोन्ही चाकं डावीकडे वळलेली. वाटलं, साफसफाई करताना उज्ज्वलाचा हात लागला असेल. सरळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे.

"तू गाडीला हात लावलास?"

"ओल्या रंगाला? मला काय वेड लागलंय?"

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. टेबलाला उतार असेल म्हणून कारखान्यातून लेव्हल आणून लावली, टेबल सपाट निघालं. स्पोकला पीळ बसला असेल म्हणून तो काढून दुसरा घातला. रेल्वेची थरथर येत असेल म्हणून गाडी बाल्कनीतून उचलून आतल्या खोलीतल्या कपाटावर ठेवली. शेवटी सांधे इतके घट्ट केले की वळवायला अंगठ्याचा जोर लावावा लागायचा. तरीही तेच. आम्ही दोघं घरात असलो की काही नाही, घर बंद करून गेलो की चाकं डावीकडे. आणि दर वेळी डावीकडेच, शेवटापर्यंत, पार जाम होईतो वळलेली.

एका रविवारी मी गाडीसमोर मोबाईल उभा करून रेकॉर्डिंग चालू केलं आणि आम्ही भाजी आणायला बाहेर पडलो. परत आलो तेव्हा उज्ज्वला माझ्या आधी खोलीत गेली आणि दारातच थांबली.

"नीलेश... बघ."

चाकं डावीकडे होती. मोबाईल अजून रेकॉर्ड करत होता. तो बंद केला आणि तिथेच पलंगावर बसून आम्ही सगळा व्हिडिओ पाहिला. खिडकीतून येणारं ऊन हळूहळू सरकताना दिसतं, खाली कुणीतरी गाडी धुतंय त्याचा आवाज येतो, बाकी काही नाही. चाकं सरळ. मग कुलूप उघडल्याचा आवाज, उज्ज्वलाचा आवाज, मोबाईलकडे येणारा माझा हात... आणि तोपर्यंत, अगदी शेवटपर्यंत, व्हिडिओत चाकं सरळच आहेत.

तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. कुणाला दाखवला तर त्यात बघण्यासारखं काहीही नाही.

"देऊन टाक ती गाडी," उज्ज्वला म्हणाली. मला भीती वाटली असं नाही म्हणणार. पण त्या दिवसानंतर मी त्या खोलीत कपाटाकडे पाठ करून बसलो नाही, हे खरं.

पंच्याहत्तरीच्या दिवशी सकाळी मी गाडी खोक्यात घालून विठ्ठलवाडीला गेलो. बस डेपोच्या मागची चाळ, शेजारी शेजारी दोन खोल्या. एकीत कल्पना आणि तिचे वडील, दुसरीत सुरेशकाकांची बायको, सुनंदाकाकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी बसलो तेवढ्यात काकू पोहे घेऊन आल्या, आणि समोर खुर्चीत दीर बसलेले असताना कल्पनाला म्हणाल्या,

"तुझ्या बाबांना सांग, मिरच्या काढून घ्या म्हणावं."

वडील हात लांब केला तर पोहोचेल इतके जवळ होते. कल्पनाने मुकाट्याने बशी त्यांच्या हातात दिली. मला चमत्कारिक वाटलं, पण पाहुण्याने काय बोलावं.

खोकं उघडलं. कल्पनाच्या वडिलांनी कितीतरी वेळ गाडीला हातच लावला नाही. मग टपावरून बोट फिरवलं, दार उघडून आत डोकावून पाहिलं, हसले. गाडी उचलून टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवली. आणि ठेवता ठेवता दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून पुढची चाकं डावीकडे वळवली. पार शेवटापर्यंत.

मी हातातली बशी खाली ठेवली.

"काका, हे... असं का केलंत?"

"सवय," ते म्हणाले. "घाटात गाडी उभी केली की चाकं डोंगराकडे वळवून ठेवायची. चुकून सुटलीच, तर डोंगराला जाऊन टेकते. दरीत जात नाही."

मी बोलायला नको होतं की बोललो ते बरं झालं, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मी सगळं सांगून टाकलं. बंद घर, लेव्हल, बदललेला स्पोक, व्हिडिओ. चाकं रोज आपोआप डावीकडे वळत होती म्हणून.

काकू दारापाशी होत्या, त्या तिथेच थांबल्या. शेवटी कल्पनाने मला सांगितलं, आणि सांगताना ती बाबा आणि काकू, दोघांकडेही बघत नव्हती.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जुन्नरकडून कांदा भरून दोघे भाऊ कल्याणला येत होते. सकाळची वेळ. माळशेज घाटात वडिलांनी गाडी उभी केली आणि चहा घ्यायला टपरीवर गेले. सुरेशकाका गाडीतच राहिला. चहा होतोय तोवर गाडी सुटली आणि त्याला घेऊन दरीत गेली. वडील एकच सांगत राहिले – चाकं डोंगराकडे वळवली होती, हँडब्रेक ओढला होता, चाकापुढे दगड होता, सुरेशनेच लावला होता, मी डोळ्यांनी बघितला. पण दगड रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला आणि चाकांच्या खुणा सरळ कठड्याकडे गेलेल्या. घाईत काहीच न करता हा चहाला पळाला, असंच सगळे म्हणाले. काकूही. त्यानंतर वडिलांनी पुन्हा कधी गाडी चालवली नाही. आणि काकू त्यांच्याशी थेट एक शब्द बोलल्या नाहीत.

"चाकं वळवली होती," वडील पुटपुटले. कुणाला उद्देशून असं नाही. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं असेल की त्यात आता राग-बिग काही राहिला नव्हता.

"मग आता सरळ कशी आहेत?"

हे काकू बोलल्या. आम्ही तिघांनी फळीकडे पाहिलं.

चाकं सरळ होती. फळीपाशी कुणी गेलं नव्हतं. म्हातारा खुर्चीत होता, कल्पना माझ्यासमोर, काकू दारात. आणि गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार, जे कल्पनाच्या वडिलांनी डोकावून झाल्यावर माझ्यादेखत लावलं होतं, ते उघडं होतं.

मी उठलो नाही. जवळ जाऊन बघायला हवं होतं, सांधा तपासायला हवा होता.

काकू चौकट धरून खाली बसल्या.

"हे बसले होते," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हरच्या सीटवर हे बसले होते."

"काकू, काय बोलतेस?"

"निघताना मला म्हणाले होते. दादा हात लावू देत नाही, पण या खेपेला दादा चहाला उतरला ना, की मी एकदा गाडी हलवून बघणार. दगड काढायचं काम यांचंच होतं गं. मी हसले. म्हटलं, बघा हां, पाडाल कुठेतरी..." त्यांनी चौकटीला डोकं टेकलं. मग म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं. पण गेलेल्या माणसाच्या नावावर कसं घालू? आणि मी हसले होते, ते कुणाला सांगू?"

कल्पना रडत होती. म्हातारा रडला नाही. तो फळीवरच्या गाडीकडे बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "मागितली असती तर दिली असती की मी चालवायला. सपाटीवर दिली असती."

मग काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि थेट त्यांच्याकडे पाहून म्हणाल्या, "पोहे गार झाले, दादा. द्या, गरम करून आणते."

मी थोड्या वेळाने निघालो. जिन्यापर्यंत सोडायला कल्पनाही आली नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. गाडी त्याच फळीवर आहे, चाकं पुन्हा हललेली नाहीत. मी त्यानंतर तशाच सांध्याचे आणखी दोन ट्रक मुद्दाम बनवून पाहिले, बंद घरात ठेवून पाहिले. वळवू तिथेच राहतात. चाकं कोण वळवत होतं, ज्याचा दोष होता तोच साक्ष द्यायला आला होता का, आणि आला तर माझ्याच टेबलावर का... कल्पनाला यातलं सगळं पटलेलं आहे. मला पटलेलं नाही, आणि खोडूनही काढता आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला साधं-सरळ कारण सुचलं तर जरूर कळवा, मला ते हवंच आहे.

यंदा पितृपक्षात कल्पनाने दुपारी कारखान्यात येऊन सांगितलं, ते मात्र इथे लिहितो. सुरेशकाकाचं पान ठेवायला दर वर्षी काकूंचा भाऊ मुरबाडहून यायचा, तिच्या वडिलांना त्या दिवशी काकूंच्या खोलीत पाऊल टाकायची परवानगी नसायची. या वर्षी काकूंनी भावाला येऊ नको म्हणून फोन केला, आणि सकाळी स्वतः शेजारच्या दारावर थाप मारून म्हणाल्या, "दादा, आंघोळ झाली का? पान तुम्ही ठेवायचंय."