नवसाबाईंच्या गोळ्या

नवसाबाई सकाळी सहाला मखमलाबादहून झेंडू-शेवंतीच्या पाट्या घेऊन यायच्या आणि दुपारी दोनपर्यंत आमच्या घराजवळच्या द्वारका चौकात बसायच्या. तेवढ्या वेळात पाण्याचा घोट नाही. एकदा मी बाटली पुढे केली.

"नको ताई. प्यायलं की उठावं लागतं. उठून जायचं कुठं? तुमच्या घरी येऊ का रोज?"

त्या हसल्या, मीही हसले. 'या' मात्र म्हणाले नाही.

त्या रांगेतल्या सगळ्याच बायकांचं तसं. लघवीची जळजळ कुणाला ना कुणाला असायचीच. त्यावर त्यांनी आपली पद्धत बसवली होती. एकीने मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणायचं, दोन घ्यायच्या, बरं वाटलं की उरलेल्या दुसरीला द्यायच्या. पाकीट पदराच्या गाठीतून गाठीत फिरायचं. शेजारच्या सुलाबाई म्हणायच्या, "नवसे, तुझ्या गोळीला लय गुण. माझी नुसता खडू हाय."

मागच्या वर्षी आमच्या मिस्टरांच्या अँटिबायोटिकच्या उरलेल्या चार गोळ्या मीही नवसाबाईंना नेऊन दिल्या. फेकायचं जिवावर आलं होतं.

यंदा दिवाळीत नवसाबाई भर उन्हात कुडकुडत फुलं विकत होत्या. भाऊबीजेला त्यांच्या सुनेचा, मनीषाचा फोन आला. सासू बेशुद्ध आहे, आयसीयूत ठेवलंय. "ताई, तुम्ही शिकलेल्या. डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायला या."

दोन दिवसांनी लघवीचा रिपोर्ट आला. डॉक्टर चैताली वयाने लहान, पण बोलायला सरळ. औषधांच्या लांबलचक यादीवरून त्यांनी पेन फिरवलं. "ही सगळी निकामी आहेत. जंतू दाद देत नाहीत, आणि आता ते रक्तात गेलेत. आधी कोणत्या गोळ्या घेतल्या होत्या?"

"कोणत्या सांगू मॅडम? पांढऱ्या, पिवळ्या. कोण देईल त्या," मनीषा म्हणाली.

"चार मी दिल्या होत्या," मी म्हटलं, आणि नाव सांगितलं. ते यादीत तिसरं होतं. डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

यादीच्या तळाशी एकच इंजेक्शन उरलं होतं. "यानं किडनी जाऊ शकते. त्यांची आधीच थकलेली आहे. पण नाही दिलं तर दोन-तीन दिवसांच्या वर मला काही सांगता येणार नाही."

"म्हणजे दोन्हीकडून मरणच की," मनीषा म्हणाली.

"दिलं तर थोडी आशा आहे."

मनीषाने नवऱ्याकडे पाहिलं. महेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. "तूच ठरव," म्हणाला. तिने सही केली. पेन परत द्यायचंही तिला सुचलं नाही.

इंजेक्शनच्या तिसऱ्या दिवशी ताप थोडा कमी झाला. नवसाबाईंनी डोळे उघडले.

"शेवंती तोडली का गं?"

"तोडली, आत्या," मनीषा म्हणाली. शेवंती शेतातच वाळत होती.

मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "ताई, सुलीला पण जळतंय. घरी डब्यात तीन गोळ्या हायत. तिला द्या."

मनीषाच पुढे झाली. "देते," म्हणाली, आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट करत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, तो डबा मी जाळून टाकते."

त्या संध्याकाळपासून लघवी कमी होत गेली. खाटेला अडकवलेल्या पिशवीत सकाळपर्यंत चार चमचेसुद्धा जमली नाही. डॉक्टर म्हणाल्या, औषध थांबवलं तर जंतू पुन्हा उसळतील, चालू ठेवायचं तर डायलिसिस. दुसरा कागद आला. या वेळी मनीषाने काही न विचारता सही केली.

मशीन सुरू होऊन आज दोन दिवस झाले. नवसाबाई पुन्हा बोललेल्या नाहीत. भेटायला दर वेळी दहा मिनिटं मिळतात. आम्ही दोघी आत जातो. मनीषा आधी सासूच्या तोंडाकडे बघत नाही, वाकून पिशवी बघते. मी तिच्या मागे उभी असते. ती सरळ झाली की पिशवीत काही जमलं का, हे विचारायचं मला धाडस होत नाही.