घरी धाडलेला

आमच्या गावात नोकरीवरचा माणूस घरी यायचा तो रजेवर, नाहीतर पेन्शनीवर, नाहीतर कुबड्या घेऊन. यांपैकी काही नसताना जो आला, त्याने काहीतरी करून ठेवलेलं असणार, असं गाव न विचारताच धरून चालायचं. नुसतं नापास होऊन घरी येता येतं ही गोष्ट उंब्रजच्या आसपास कुणाला माहीत नव्हती. माझ्या वडिलांना तर नव्हतीच, आणि मला जो काही त्रास झाला तो त्यामुळे.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. पहिल्या मोठ्या लढाईत इराकात बसऱ्याकडे होते, तिथून आणलेले बिल्ले सणासुदीला कोटावर लावायचे. पलटण सुटली तरी पलटणीची शिस्त त्यांनी घरात चालू ठेवली. मोटेला आज कुठली बैलं जुंपायची, उसाला पाणी कधी, आईने माहेरी कधी जायचं, सगळं त्यांना विचारून. मी साताऱ्याला शिकायला होतो तेव्हा नवा सदरा शिवायचा म्हटलं तरी घरी विचारत असे. मला त्याचा जाच वाटत नसे. खरं सांगायचं तर बरं वाटे, कारण सदरा वाईट निघाला तरी तो आबांचा.

पुढे सांगलीला कॉलेजात असताना दुसरी लढाई पेटली. हवाई दलाला पोरं हवी होती. जाऊ का म्हणून मी आबांना विचारलं, ते म्हणाले जा, म्हणून गेलो. त्याच वर्षांत कुंडलकडची माझ्या वयाची पोरं भूमिगत होऊन सरकारच्या नाकी नऊ आणत होती आणि मी सरकारच्याच विमानात बसून वळणं घ्यायला शिकत होतो. गावात तोंडावर कुणी काही बोललं नाही. घरटी एक माणूस पलटणीत असल्यावर कोण कुणाला बोलणार?

लढाई संपली, हवाई दलाने बरीच माणसं कमी केली, आणि मी मुंबईच्या एका खासगी विमान कंपनीत सेकंड पायलट म्हणून लागलो. डाकोटा विमानात पुढे दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे सेकंड पायलट. कॅप्टन सांगतो आणि सेकंड करतो. चाकं वर घे म्हटलं की वर घ्यायची, रेडिओवर हवामान विचार म्हटलं की विचारायचं. ते काम मला इतकं जमायचं की कॅप्टन लोक मला मागून घेत. कॅप्टनने शब्द पुरा करायच्या आत माझा हात दांड्यावर असे. तीन वर्षं मी त्या उजव्या खुर्चीत सुखाने बसलो. तिथेच पेन्शन मिळती तर मी आजही काही मागितलं नसतं.

पण कंपनीला जन्मभराचे सेकंड पायलट नको होते. लढाईतून सुटलेले पायलट नोकरीसाठी दारात उभे होते, मग जो कॅप्टन होणार नाही त्याला पोसायचा कशाला, असा त्यांचा हिशेब. वेळ आली की कॅप्टनच्या शिक्षणाला बसायचं. त्यात दोनदा पडलात की उजवी खुर्चीही गेली. हा नियम कामावर घेतानाच मला सांगितला होता, आणि मी तो मरणासारखा ऐकून सोडून दिला होता.

आमची परीक्षा घेणारा कॅप्टन सांगलीचा होता. शांत माणूस, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. विमानात इंग्रजी बोलायचा आणि खाली उतरला की मराठी. परीक्षेत तो उजव्या खुर्चीत बसे आणि मी डाव्या. यंत्राची माझी भीती केव्हाच गेली होती. त्याने एक इंजिन बंद केलं तरी मी विमान सरळ ठेवायचो. पहिल्या खेपेला मी पडलो तेव्हा मला वाटलं हा उगाच खुसपट काढतोय. "तू दर वेळी माझ्या तोंडाकडे बघतोस," एवढंच त्याने सांगितलं. यावर माणसाने काय सुधारणा करायची?

दुसऱ्या खेपेला आम्ही मुंबईहून पुण्याला निघालो. भाद्रपदातले ढग घाटावर दाटले होते. पुण्याहून रेडिओवर निरोप आला की तिथलं आभाळ बंद होत चाललंय. पुढे जायला वेळ होता, घाई केली तर उतरता आलं असतं. मागे मुंबई उघडी होती, परत फिरता आलं असतं. दोन्ही बरोबर होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. पुढे गेलो असतो तरी पास, मागे वळलो असतो तरी पास. मी ढगांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि मग उजवीकडे वळून म्हणालो, "काय करू, सर?"

मी उत्तरासाठी थांबलो. विमान ढगात शिरलं तसा त्याने हात पुढे करून ताबा घेतला आणि मुंबईकडे वळवलं. परतीच्या वाटेवर मी त्याचा प्रत्येक हुकूम पूर्वीसारखाच झटक्यात पाळला, आणि त्या अवस्थेतही मला त्यात सुख लागत होतं, याची आज शरम वाटते. खाली उतरल्यावर त्याने मराठीत सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्यात खोट नाही, पण मी तुला माणसं सोपवू शकत नाही." खोट नाही म्हणे. मला त्याचा इतका संताप आला की मी हातही मिळवला नाही.

मसूर स्टेशनावर ट्रंक घेऊन उतरलो आणि बैलगाडीने घरी आलो. आबा सोप्यात बाजेवर बसले होते.

"किती दिसांची रजा?" त्यांनी विचारलं.

"रजा न्हाई, आबा. नोकरी गेली. क्याप्टनच्या परीक्षेत पडलो."

"मंग क्याप्टन न्हाई केलं. हुतास त्या जाग्यावर ऱ्हायाचं."

"तसं ठेवत न्हाईत. पडला की घरी, असा नेम हाय त्यांचा."

आबा माझ्याकडे बघत राहिले. "आरं, माझ्या हाताखालचा एक शिपाई नाईक हुयाच्या परीक्षेला चारदा बसला आन चारदा पडला. शिपाई म्हनून पेन्शनीत गेला. पडल्याला कोन घरी धाडतं रं?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं काय ते सांग. केलंस काय?"

मी दहा तऱ्हांनी सांगितलं. जितकं समजावून सांगावं तितकं ते खोटं वाटू लागलं. पलटणीत माणसाचं नाव कापतात ते चोरीसाठी, नाहीतर वरच्या साहेबावर हात उचलला म्हणून, नाहीतर पळून गेला म्हणून. आबांनी उभ्या आयुष्यात चौथं कारण ऐकलं नव्हतं, आणि ते पोटच्या पोराच्या तोंडून ऐकायची त्यांची तयारी नव्हती. रात्री जेवताना ते जवळ येऊन बसले, ते माझ्या तोंडाचा वास घ्यायला, हे मला कळलं. आईने भाकरी वाढता वाढता हळूच विचारलं, "बाईमानसाचं काय न्हाई न्हवं?" तिला मी हसून नाही म्हटलं. हसायला नको होतं, त्यामुळे तिचा संशय वाढला.

गावाने आपलं कारण आपणच शोधून काढलं. हा इमानातनं सोनं आणत होता आणि धरला. मळ्याच्या वाटेवर एकाने डोळा मारून विचारलंसुद्धा, "गड्या, कुठं पुरलंयस?" त्याचं मला काही वाटलं नाही. लोकांनी काय म्हणावं हे लोकांचं काम आहे. पण धान्याच्या कोठीची किल्ली, जी माझ्या लहानपणापासून सोप्यातल्या खुंटीवर असायची, ती एका सकाळी आबांच्या कमरेला दिसली. ते बघून मी परसात जाऊन रडलो. सत्तावीस वर्षांचा घोडा, रडलो. नोकरी गेली तेव्हा रडलो नव्हतो.

तेव्हापासून मला दुसरं काही नको होतं. दुसरी नोकरी नको, लग्नाचा विषय नको. मी खोटं बोलत नाही, मी फक्त नापास झालोय, एवढं आबांनी एकदा खरं मानावं, बस. बाप आपल्याला चोर समजतो या विचाराने घास उतरत नाही, हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल.

दिवाळीच्या सुमारास मला समजलं की तो परीक्षेचा कॅप्टन सांगलीला घरी आलाय. मी आबांना म्हणालो, "तुमी सांगलीला चला. माजं खोटं वाटत आसंल तर त्यालाच इचारा." हे मी कुणाला न विचारता ठरवलं होतं. आबा लगेच उठले. चोराने असं बोलावलं नसतं, हे त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्यांच्या चालण्यात एकदम उत्साह आला. त्यांनी कोट काढला, बिल्ले लावले, फेटा बांधला, आणि आम्ही मिरजेला गाडी बदलून सांगलीला गेलो.

गावभागात त्याचं माडीचं घर होतं. धोतर नेसून तो दारातच उभा होता. आबांचे बिल्ले बघून त्याने वाकून नमस्कार केला, आम्हाला वर नेलं, चहा-चिवडा मागवला. आबांनी कपाला हात लावला नाही. ताठ बसून त्यांनी विचारलं, "साहेब, माज्या पोराचं नाव का कापलं? लाजू नगा. बाप हाय, ऐकून घीन."

"सुभेदारसाहेब, तुमच्या मुलाने काहीही वावगं केलेलं नाही," तो म्हणाला. "चोरी नाही, दारू नाही, उलट उत्तर नाही. इतका नेक मुलगा आमच्याकडे दुसरा नव्हता."

आबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या दिवसांचं ओझं एका क्षणात माझ्या अंगावरून उतरलं. मी चहाचा कप उचलला. तिथेच आम्ही उठलो असतो तर किती बरं झालं असतं. पण आबा सैनिक होते, अर्धवट रिपोर्ट त्यांना चालत नसे.

"मंग धाडला का घरी?"

कॅप्टनने घाटावरच्या ढगांची हकीकत सांगितली. काही वाढवलं नाही, काही झाकलं नाही. माझा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

"भितो का?" आबांनी विचारलं.

"भीत नाही. कुणीतरी सांगायची वाट बघतो."

मग आबांनी विचारलं, "त्या इमानात मागं मानसं किती बसत्यात?"

"वीस-पंचवीस. बायका-मुलं असतात."

आबांनी मान हलवली. "आमच्या पलटनीत बसऱ्याला येक साहेब असाच हुता," ते म्हणाले. त्या साहेबाचं आणि त्याच्या माणसांचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. मग त्यांनी हात जोडले. "तुमी केलं ते बराबर केलंसा. माजा पोरगा हाय म्हनून येगळं बोलनार न्हाई."

परतताना मिरजेच्या फलाटावर त्यांनी माझ्यासाठी पेरू घेतले. गाडीत मला म्हणाले, "तू खिडकीपाशी बस, वारा लागंल." त्यांनी माझ्यासाठी असं काही केल्याचं मला आठवत नव्हतं. मी पेरू खात होतो आणि मनात म्हणत होतो, चला, सुटलो. घरी गेल्यावर किल्ली कमरेची निघून खुंटीवर गेली. आईला त्यांनी सांगितलं, "पोरगं सोन्यावानी हाय, त्येच्यावर कुनी संशय घ्याचा न्हाई." गावातल्या तोंडाळांना त्यांनी चावडीवर चांगलं खडसावलं.

मला समजायला थोडे दिवस लागले. एरवी मी उशिरा उठलो तर आबा घर डोक्यावर घेत. आता घेत नसत. बैलाचं दावं सैल बांधलं म्हणून पूर्वी शिव्या मिळायच्या, आता ते स्वतः येऊन दावं आवळायचे आणि मला म्हणायचे, "आसू दे." कराडच्या बाजारला जायचं, तर मला काय आणायचं ते दोनदा सांगायचे आणि शेवटी चुलतभावालाच धाडायचे. माझ्यावर रागवणं त्यांनी सोडून दिलं होतं. आईला वाटलं वयाने निवळले. मी तिला काही सांगितलं नाही, पण आतून मी खचत चाललो होतो.

मग एकदा उसाला पाणी चाललं होतं. मोट चालू होती, आबा विहिरीच्या काठावर उभे होते आणि मी उसाच्या कडेला. पाणी देणारा गडी नवा होता, त्याला घरची रीत ठाऊक नव्हती. फावडं टेकवून त्याने मला विचारलं, "धाकलं मालक, ह्या सऱ्या भिजल्या. आता पानी कंच्या अंगाला फिरवू?"

मला उत्तर माहीत होतं. वरच्या अंगाचा ऊस दोन दिवस तहानलेला होता, ते मी सकाळीच बघून ठेवलं होतं. मी हात वर करून दाखवणार, तेवढ्यात आबा विहिरीवरून लगबगीने खाली आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गड्याला म्हणाले, "त्येला नगं इचारू, बाबा. मला इचार." इतक्या मऊ आवाजात ते आजारी गुराशीसुद्धा बोलत नसत. मग मला म्हणाले, "तू जा, सावलीला बस."

मी सावलीला जाऊन बसलो. सांगलीला जाईपर्यंत मला जगात एकच गोष्ट हवी होती, की आबांनी माझं म्हणणं खरं मानावं. आता त्यांनी ते मानलं होतं.