आमच्या घराची पश्चिम

मी गेली पंचवीस वर्षं अंबडला भूगोल शिकवतो, आणि आमच्या घराची पश्चिम पूर्वेला आहे.

घर बांधायला काढलं तेव्हाच मी जाहीर केलं होतं, की या घरात ना कूलर येणार, ना एसी. भिंती दुपदरी, मधे पोकळी. गच्चीवर पांढरा चुना. आणि डोक्यावर एक उंच मनोरा, पश्चिमेकडे आ वासलेला. उन्हाळ्यात आमच्याकडे वारं पश्चिमेचं. ते मनोऱ्यानं पकडायचं, खाली बैठकीत सोडायचं, की झालं घर थंड! वहीत मी बाणसुद्धा काढले होते. (निळे. थंड हवेचे निळेच असतात.)

अडचण एकच होती. माझा मेव्हणा गजानन. त्याचं जालन्यात कूलरचं दुकान आहे.

"दाजी, मे महिन्यात वास्तुशांती करून राह्यले तुम्ही. पाहुणे शिजतील!"

"एकही पाहुणा पंखा मागणार नाही," मी म्हणालो.

बायकोनं, म्हणजे सुनंदानं, लगेच भावाची बाजू धरली. "अन् मागितला तर? मंग मनोरा पाडायचा, अन् गजाननच्या दुकानातून चार कूलर. बोला, कबूल?"

"कबूल!" (भूगोलाचा माणूस वाऱ्यावर पैज हरत नसतो.)

आखणीच्या दिवशी मी मोबाइलवरचं होकायंत्र उघडलं. उंचावरून दिशा नीट कळतात म्हणून नुकत्याच उतरवलेल्या सळयांच्या ढिगावर चढलो आणि हात लांब करून म्हणालो, "ही पश्चिम!"

शेख मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "मास्तर, सूर्य तर सकाळी तिकडूनच उगवला व्हता."

"उन्हाळ्यात सूर्य जरा सरकतो, मिस्त्री," मी पाचवीच्या वर्गाला सांगतो त्या आवाजात सांगितलं.

मिस्त्रीनं सूर्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बराबर" म्हणाला आणि दोरी ताणली.

वास्तुशांतीचा दिवस उजाडला. गजानन आला तो टेम्पोत चार नवेकोरे कूलर घालूनच! "असू द्या दाजी, पुन्हा खेप कशाला?"

पूजा आटोपली, पंगत बसली. आचाऱ्याची भट्टी मी मुद्दाम घराच्या 'पूर्वेला' लावली होती, धूर वाऱ्याबरोबर परस्पर निघून जावा म्हणून. त्यानं वांग्याच्या भाजीला लाल तिखटाची फोडणी दिली आणि माझ्या मनोऱ्यानं कामाला सुरुवात केली. फक्त उलटी! वरून वारं खाली सोडायच्या ऐवजी तो घरातली हवा वर ओढायला लागला, आणि घर नवी हवा आणायला लागलं थेट कढईवरून!

पहिल्यांदा पूजा सांगणारे गुरुजी शिंकले. मग एकेक करत अख्खी पंगत. "मास्तर, जेवायला बोलावलं का धुरी द्यायला?" कुणीतरी ओरडलं. डोळे पुसत आमचे चुलत व्याही म्हणाले, "जरा पं—" आणि त्यांना शिंक आली.

"मागितला! मागितला!" गजानन टेम्पोकडे धावला.

"पूर्ण शब्द आल्याशिवाय धरायचं न्हाई!" मी दार अडवून उभा राहिलो.

तेवढ्यात माझी माय उठली. तिनं सुपात ज्वारी घेतली, अंगणात गेली, सूप डोक्याच्या वर धरलं आणि खळ्यावर उपणतात तशी हळूहळू ज्वारी सोडली. दाणे सरळ पायाशी पडले. कोंडा उडाला आणि भट्टीच्या बाजूनं घराकडे निघाला.

"आरं ए भूगोल," माय म्हणाली, "वारं इकडून येऊन राह्यलं. तुझा मनोरा त्याच्याकडं पाठ करून उभा हाय!"

पंगतीतून शेख मिस्त्री म्हणाला, "मास्तर, सळयांच्या ढिगावर उभं राहून दिशा पाह्यली तुम्ही. लोखंडाजवळ काटा फिरणारच ना!"

"मंग बोलला काऊन न्हाई?" मी विचारलं.

"बोललो व्हतो. तुम्ही सूर्य सरकवला."

सत्तर माणसं हसली. (काही शिंकता शिंकता.) मी पहार शोधायला लागलो. मनोरा पाडायचा तर निदान आपल्या हातानं!

"पाडू नको," माय म्हणाली. "त्याला ओढायचंच हाय ना? मंग गार ओढू दे. भट्टी हलवा तिकडच्या अंगाला, अन् ह्या खिडक्यांवर ओली पोती टांगा."

भट्टी हलली. पोती टांगली. आणि थोड्या वेळात बैठकीत अशी गार, ओल्या मातीच्या वासाची झुळूक फिरायला लागली, की बुंदी वाढणारासुद्धा वाढता वाढता थांबला. व्याही पंखा विसरले आणि त्यांनी दुसऱ्यांदा भाजी मागितली. जेवणं झाल्यावर घरी जायचं कुणी नावच घेईना. नव्या फरशीवर गुरुजी आडवे झाले, मिस्त्री आडवा झाला. गजानन "पाचच मिनिटं" म्हणून टेकला तो पाच वाजेपर्यंत घोरत होता. त्याचे चार कूलर बाहेर उन्हात तापत उभे!

"जिंकलात बाई पैज!" सुनंदा मला म्हणाली.

"डिझाइनच तसं होतं," मी म्हणालो. मायनं नुसतं सूप झटकलं.

आता राजूरपासून लोक घर बघायला येतात. परवा गजाननचाच फोन आला. तोही घर बांधतोय. "दाजी, सगळं बिलकुल तुमच्यासारखं पाह्यजे. मनोऱ्याची दिशा कशी काढायची तेवढं सांगा."

"सोपं आहे," मी म्हणालो. "आधी सळया उतरवून घे. मंग त्यांच्यावर चढून मोबाइल बघ. आणि मिस्त्री मधे बोललाच, तर सूर्य सरकव!"