परत पाठवलेलं भरीत

शेजारच्या गच्चीवरून भाजत्या वांग्यांचा वास आला, की धुळ्याजवळच्या गावातली माझी पहिली नोकरी आठवते. शाळेत मी नवी बाई, तत्त्वं इस्त्री करून नेसणारी. वर्गातल्या एका मुलीची आई कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत घेऊन दारात आली. "विद्यार्थ्यांच्या घरचं मी काही घेत नाही," मी ऐटीत म्हणाले. "बाई, लाच नही शे, भरीत शे! एकल्या ऱ्हातस ना तुम्ही!" तरी मी डबा परत पाठवला. मग हिवाळाभर शेताशेतांत भरताच्या पार्ट्या झाल्या; धूर माझ्या खोलीत यायचा, बोलावणं नाही. मी आपली तत्त्वांशी भाकरी खायचे. आता निवृत्त आहे, कुणाचंही भरीत चालेल. पण दार वाजत नाही. मग मीही गॅसवर एक वांगं भाजते आणि खिडकी मुद्दाम उघडी ठेवते.