काटा मधीच होता

सिल्लोडच्या बाजारात त्या दिवशी उरलेली वांगी आम्ही नवराबायकोनं निवडली. किडकी एकीकडं, चांगली एकीकडं. ती म्हणली, "तुमच्या हातात सगळीच चांगली होतेत. दिसंना झालं का?" मी म्हणलो, "तुला सगळंच किडकं दिसतं." तशी हसली. क्रेट पिकअपमधी चढवले, ताडपत्री बांधली अन् हर्सूलकडं, घराकडं निघालो. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

निघतानाच ती बोलली, "आवो, माझे पाय भाजायलेत. गाडी गरम झालीय."

मी इंजिनच्या गरमीच्या काट्याकडं बघितलं. काटा मधी. म्हणलो, "ऊन हाय."

फुलंब्रीला परत बोलली. वाफेचा वास येतोय, थांबवा. मी म्हणलो, "गाडी मी चालवतो का तू?" तिसऱ्यांदा बोलली तवा मी उत्तरच दिलं नाय.

चौक्याच्या चढाला तिनं छाती धरली. "घाबरल्यावाणी होतंय," एवढंच म्हणली. मी गाडी दामटली. चढ संपायच्या आत सीटखालून वाफ आली अन् गाडी जागेवर बसली. हात करकरून एक टेम्पो थांबला, तोवर तिचे ओठ काळे पडले होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणले, थोडं आधी आणायचं होतं.

पैठणहून पोरगी आली. रडून झाल्यावर तिनं विचारलं, "आबा, गाडी आधीपासूनच गरम होत होती का? आई काही बोलली होती का?"

मी म्हणलो, "नाय. काटा मधीच होता. गाडी अचानक बसली."

काटा मधी होता हे खरं. बाकी खोटं.

त्यानंतर घरात मला तिचं दुसरं काही ऐकू येईना. इतक्या वर्षांची भांडणं, हसणं, सगळं गेलं कुठं? भाकर खायला बसलो की "पाय भाजायलेत." दाढी करायला बसलो की "पाय भाजायलेत." भूतबीत मी मानत नाय. पण दोनदा मागं वळून बघितलं, हे लिहायला लाज कशाची.

गाडी ओढून आणून दारात लावली होती. दोष शोधायचा म्हणून मी रोज तिच्यात डोकं घालायचो. खरं सांगतो, मला दोष असा पाहिजे होता की एका झटक्यात काहीतरी तुटलंय. मग ती बोलली तवा गाडी ठीक होती, असं झालं असतं. मी सुटलो असतो.

फॅनचा पट्टा बघितला, धड होता. रेडिएटरचं झाकण बघितलं, रबर चांगलं. पाणी भरलं, खाली कागद टाकून ठेवला, सकाळी कागद कोरडा. पाण्याचा पंपबी साबूत. मग कटकट गेटचा माझा जुना मिस्त्री बोलावला. त्यानं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, पाण्यात बुडबुडे येतेत का बघितले. आले नाय. म्हणला, "हेड बच गया, चाचा." म्हणजे इंजिनला आतून काही झालं नव्हतं. मग झाकण लावून स्टेअरिंगवर बसला अन् मला म्हणला, "तुम उधर बैठो. भाप की बास आई तो बोलना."

उधर म्हणजे डावीकडं. तिच्या जागेवर.

सोळा वर्षं गाडी चालवली, त्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. बसलो. मिस्त्रीनं रेस दिली. दहा मिनिटं काही नाय. मग तळव्याखालचा पत्रा तापायला लागला. मग वाफेचा वास. मी पाय वर घेतले. मिस्त्री तिकडं खुशाल बसलेला, त्याच्या पायाला काहीच नाय.

इंजिन बंद करून पत्रा उचलला. रेडिएटरचा पाइप तिथूनच मागं जातो, तिच्या पायाखालून. त्याला क्लिपेपाशी बारीक चीर होती. गार असली की मिटायची, तापली की उघडायची. भोवती पांढरा खार साचलेला, बोटभर जाड. एका दिवसात एवढा साचत नाय.

मी म्हणलो, "पण काटा मधी होता."

"चाचा, काटेका बल्ब, गरमी नापनेवाला, पानी में डूबा रहना ना. पानीच नै रहा तो काटा क्या बोलेगा? झूठच बोलेगा."

त्यानं संध्याकाळपर्यंत नवा पाइप टाकला. मी त्याला धड चहाबी विचारला नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली अन् पैठणला गेलो. पोरगी दारातच होती. "आबा, न सांगता? आत या."

मी म्हणलो, "आधी ऐक. मी खोटं बोललो. तुझ्या आईनं सांगितलं होतं. तीनदा सांगितलं. मी ऐकलं नाय."

"कधी सांगितलं?"

सिल्लोडपासून चौक्यापर्यंतचं सगळं सांगितलं. उंबऱ्याबाहेर उभं राहून. तिनं चौकटीवरचा हात काढला नाय. आत या असं ती दुसऱ्यांदा म्हणली नाय, अन् मीबी गेलो नाय. उभा राहिलो.